आप्पांचा शिक्का

“डोयाघाई दखं का मनघाई?” सहीला कागद पुढे केला की आप्पा चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे. डोळ्यांनी बघितलंस, की मनानंच ठरवलंस? आप्पा आणि मी, दोघे खानदेशातले. पण अहिराणी न कळणारे गुजराती सहकारीही हा प्रश्न ऐकला की मुकाट इंजिनाकडे परत वळत.

सुरत विमानतळालगतच्या एका छोट्या हँगरमध्ये आप्पा इंजिन तपासनीस होते. ठरलेले तास भरले की टर्बाइनचा भाग बदलायचा, मग तो दिसायला कितीही कोरा असो. एकदा विमानाचा मालक कुरकुरला, “अच्छा तो है!” आप्पा म्हणाले, “अच्छा है, तभी निकालना है, सेठ.”

पांडेसरा वस्तीत त्यांची एक खोली होती. बायको गेलेली, मुलगी लांब सासरी. रविवारीही ते डबा घेऊन हँगरवर हजर. “घर कोन शे मना? आठे इंजिन तरी शे.” घरी माझं कोण आहे, इथं इंजिन तरी आहे. आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असता.

गेल्या वर्षी सरकारी आदेश आला. आमच्याकडे होती त्या जातीच्या इंजिनांची पाती आतून तपासल्याशिवाय उड्डाण नाही. बारीक कॅमेरा आत सोडून आप्पांनी पातं न् पातं पडद्यावर पाहिलं, ‘साफ’ लिहिलं आणि आपला शिक्का मारला. नियमाप्रमाणे दुसऱ्यानेही पाहायचं असतं, म्हणून मी बसलो. एका पात्याच्या कडेला केसाएवढी चीर होती. मला हे काम ज्यांनी शिकवलं, त्यांनाच आता हे कसं सांगायचं?

“काय व्हयनं?” त्यांनी विचारलं.

“आप्पा, चीर शे.”

“डोयाघाई दखं का मनघाई?”

“डोयाघाई.”

पडद्याला नाक लावून ते बराच वेळ बघत राहिले. “माले दखास नही,” म्हणाले आणि आपला ‘साफ’ स्वतःच खोडला. पाती बदलली गेली. त्याच संध्याकाळी त्यांनी शिक्का साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

निरोप समारंभाला ते आलेच नाहीत. शाल-नारळ घेऊन मी खोलीवर गेलो. न राहवून विचारलं, “आप्पा, दरवर्षी डोळ्यांची तपासणी होते. तुम्ही पास कसे व्हायचात?”

त्यांनी डोळे मिटले आणि डॉक्टरांच्या कार्डावरच्या ओळी, अगदी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, घडाघडा म्हणून दाखवल्या. दरवर्षी तेच कार्ड असायचं.

“दोन वरीस मनघाई दखं, भाऊ,” ते म्हणाले. “काम सुटतं ते जातू कोठे?” काम सुटलं असतं, तर ते जाणार तरी कुठे होते?

मला त्यांचा राग आला, आणि त्यांच्या अंगावर शाल घालताना रडूही आलं. आता रविवारी हँगर बंद असतो.