आल्प्समधलं खेडं आणि जनाचं चुकलेलं उत्तर

धारवाडच्या शाळेत मी तेहतीस वर्षं भूगोल शिकवला आणि जवळजवळ दरवर्षी फळ्यावर आल्प्स पर्वतातलं खेडं काढलं. खाली दरी, मध्ये दाटीवाटीची घरं, वर कुरणं, त्याच्याही वर खडू आडवा फिरवला की झाला बर्फ. निवृत्तीनंतर झुरिकमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या मुलानं, निखिलनं, "बाबा, इकडे आलात की काय बघायचंय?" असं फोनवर विचारलं, तेव्हा मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "खेडं!"

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. नव्वदच्या दशकात नववीत जना नावाची मुलगी होती. अळणावरकडच्या गवळ्यांची, धारवाडजवळ केलगेरीत मामाकडे राहून शिकणारी. आल्प्समधल्या खेड्यातली घरं एकमेकांना खेटून का असतात, या प्रश्नाला तिनं लिहिलं होतं, "गवताची जागा अडू नये म्हणून." मार्गदर्शकात उत्तर होतं, थंडीपासून बचावासाठी. मी शून्य दिलं. वर्गात ती उठून म्हणाली, "सर, आमच्याकडं तसंच बांधतात." मी म्हणालो, "तू कधी गेली होतीस गं आल्प्सला?" वर्ग खोखो हसला. मीही कुठे गेलो होतो? पण ते कोणी विचारलं नाही. त्या दिवसानंतर जनानं वर्गात हात वर केला नाही, आणि हे मला अधूनमधून टोचत असे. नक्की कोण चुकलं होतं, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

हुबळीच्या दाजीबानपेठेत स्वेटर घेतले. "मे महिन्यात हुबळीत स्वेटर कुणाला रे अप्पा?" म्हणून दुकानदारानं आधी चेष्टा केली आणि मग जुना माल काढून दिला. सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन किलो शेंगांची चटणी बांधली. हुबळीहून बसनं मुंबई आणि तिथून विमान. व्हिसाला पंधरा दिवस हाताशी ठेवा, कागद वाढवून मागतात.

झुरिकहून वाले नावाच्या दक्षिणेकडच्या प्रांतात रेल्वेनं दोन तास, आणि पुढे पोस्टाची पिवळी बस. अर्ध्या तिकिटाचं कार्ड आधी काढा, नाहीतर प्रवासखर्चानंच डोळे पांढरे होतात. स्टेशनवर कॉफीला आपले दीडशे रुपये पडले. धारवाडात आमच्या सप्तापुरात तेवढ्यात सगळ्या स्टाफरूमला पाजली असती, वर खारी बिस्किटं. बस वळणावळणानं चढत होती आणि मी खिडकीला नाक लावून माझा फळा शोधत होतो. दरी होती, कुरणं होती. फक्त उतार इतके उभे असतील हे मात्र मला फळ्यावर कधी समजलं नव्हतं.

गावाचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. उन्हानं काळी पडलेली लाकडी घरं, मध्ये जेमतेम एक माणूस जाईल अशा गल्ल्या. धान्याची कोठारं लाकडी खांबांवर, आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावर चपटी गोल शिळा, उंदीर वर चढू नये म्हणून. आमची घरमालकीण रोझा ऐंशीच्या घरातली, हातात कायम काहीतरी काम. तिनं पहिल्या दिवशी राय नावाच्या धान्याचा काळा पाव पुढे ठेवला. पूर्वी गावची भट्टी वर्षातून दोन-तीनदाच पेटायची आणि तेवढा पाव महिनोन्महिने पुरवायचा.

सुमननं तो वाजवून पाहिला. "अहो, ही तर आपली कडक भाकरी की!" आणि लगेच चटणीची पिशवी उघडली. रोझानं चीजवर चटणी घेऊन खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा वाडगा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी निखिलनं आम्हाला पाटाच्या कडेनं नेलं. कड्याला लाकडी पन्हळ लटकावून बर्फाचं पाणी मैलोन्‌मैल शेतांपर्यंत आणलंय. कुणाला किती वेळ पाणी, हे पूर्वी लाकडी काठीवर खाचा पाडून ठरवत. हिवाळाभर जितक्या गायी स्वतःच्या गवतावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात गावच्या कुरणात पाठवायच्या, असाही नियम. अशा गोष्टी ऐकताना मी वहीत इतकं लिहीत होतो की सुमन म्हणाली, "परीक्षा कधी आहे तुमची?"

परीक्षा संध्याकाळी झाली. रोझा अंगणात गवत उलटत होती. मी निखिलला दुभाष्या केलं आणि साक्षीदाराला शिकवून ठेवावं तसा प्रश्न टाकला. "घरं अशी खेटून बांधली ती थंडीमुळेच ना?"

ती हसली. "थंडीला चूल आहे. ही सगळी जागा खडकाची. वरनं बर्फाचे कडे कोसळतात, त्यातनं वाचलेली. चांगल्या मातीवर घर कोण बांधेल? मग गाय काय खाणार, भिंती?"

निखिलनं भाषांतर संपवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बाबा, काय झालं?" लाज वाटली, सरळ सांगतो, खूप लाज वाटली. त्या मुलीनं पुस्तकात नसलेलं खरं लिहिलं होतं आणि मी वर्गाला तिच्यावर हसू दिलं होतं.

परत आल्यावर आठवडाभरात जनाचा पत्ता काढला. तिच्या मामानं सांगितलं, लग्न करून अळणावरजवळच्याच गवळीवाड्यात आहे. धारवाडहून बस, तासाभराचा रस्ता, तिकीट वीस रुपयांच्या आत, पुढे मैलभर पायी. वाटेत साग, आणि मग एकदम मोकळे हिरवे माळ, त्यांवर म्हशी. घरं मात्र माळावर नव्हती. वरच्या मुरमाड टेकाडावर खेटून बांधलेली होती. मी वाटेतच थांबलो.

जना म्हशीला पाणी पाजत होती. तिनं मला लगेच ओळखलं. "बर्री सर, बर्री! या, बसा." ताक दिलं. मी ग्लास हातात धरूनच म्हणालो, "जना, तुझं ते उत्तर बरोबर होतं. मी चुकलो. आल्प्सला जाऊन बघून आलो."

"ते मला तवाच ठावं होतं, सर," ती म्हणाली. रागानं नव्हे, सहज. मग तिकडच्या गायी दूध किती देतात, वासराचं दूध कधी तोडतात, गवत कापायला बायका जातात का, एकापाठोपाठ एक विचारत राहिली. वर्गात जे तेरा-चौदा वर्षांपूर्वी विचारायचं राहिलं, ते सगळं आज विचारत असावी. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. बरंच येत नव्हतं, तेही सांगितलं.

निघताना ती फाटकापर्यंत आली. "पर सर, एक विचारू? एवढ्या लांब कशाला गेला? हितं आला असता तर दिसलं असतं की."

अळणावरची बस तेहतीस वर्षं रोज आमच्या शाळेच्या दारातनं जात होती.