तड्यावरची काच

आमच्या महापालिकेच्या बिल्डिंग सेक्शनच्या फायली कपाटात मावतात, किस्से मात्र माझ्या डोक्यात साठतात. मी तिथं शिपाई बाई, शाळा चौथीपर्यंत. इंजिनिअर साहेब तपासणीला निघाले की टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. बेळगावातली लई घरं मी आतनं बघितलीत.

*

एका लॉजमध्ये साहेबांनी विचारलं, आग लागली तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठाय? मॅनेजरनं अदबीनं दार दाखवलं. वर हिरवी पाटी, बाण, सगळं. मी कडी काढून दार ओढलं. मागं भिंत. प्लास्टर केलेली, रंगवलेली.

मॅनेजर मला म्हणाला, "नियमात दार पाहिजे म्हटलंय. दार हाय की, मॅडम!"

दाराच्या भिंतीकडच्या अंगाला नखांचे ओरखडे होते. साहेबांनी लॉजलाच टाळं ठोकलं.

*

हायवेकडच्या एका बिल्डिंगचा चौथा मजला बिनपरवाना. मालक म्हणाला, वर कोणी ऱ्हातच न्हाय, मग धोका कुणाला? नोटीस चिकटवायला आम्ही वर गेलो. खोल्यांत बोटभर धूळ, पावलाचा एक ठसा न्हाय. पण दोरीवर धुणं, अजून पाणी गळत होतं. साडी, परकर, लहान लेकराचं झबलं.

"हे कुणाचं रं?" मी विचारलं.

मालकानं धुणं बघितलं आणि माझ्याआधी जिना उतरला.

*

शहापुरातल्या एका बिल्डिंगचे वरचे मजले कवाच रिकामे, तळमजल्यावर तेवढा सुमनआक्कांचा शिवणक्लास, चौदा पोरी. खांबाला तडा गेलता. अशा तड्यावर आम्ही काचेची पट्टी आडवी चिकटवतो. इमारत हलली की काच फुटते. पहिली पट्टी आठवड्यात फुटली. दुसरी महिनाभर शाबूत, म्हणून साहेब खूश. मी बोट फिरवून बघितलं. आमची काच पातळ, पांढरी. ही जाड, हिरवट. मालक फुटलेली काढून नवी लावत होता.

"काच बदलून खांब बरा होतोय व्हय रं?"

मी मालकाला विचारलं. साहेब म्हणाले, उद्या ऑर्डर काढून रिकामी करू. तेवढ्यात आक्का मला म्हणाल्या, "कालपासनं रिळं सगळी त्या कोपऱ्यात पळत्यात गं." त्यांनी एक रीळ जमिनीवर ठेवलं. ते गेलं.

मी उद्याची वाट बघितली न्हाय. पोरींना दंडाला धरून बाहेर काढलं. परीक्षेचे ब्लाऊज अर्धे ऱ्हायले म्हणून त्या मला शिव्या देत होत्या. शेवटी आक्का आल्या, साहेबांनी कुलूप लावलं.

समोरच्या फुटपाथवर उभ्या होतो, भर दुपारी. आत शिलाई मशीन सुरू झाली. आधी एक, मग सगळ्या. पायानं चालवायच्या मशिनी त्या.

आक्कांनी पोरी मोजल्या. चौदा. परत मोजल्या. चौदा.

"कोण तरी ऱ्हायलंय आत. सोड मला."

मी त्यांचा पदर सोडला न्हाय. त्या माझ्या हाताला चावल्या, तरी सोडला न्हाय.

मग मशिनी एकेक करून थांबल्या, शिवण संपल्यावर थांबतात तशा. आणि बिल्डिंग खाली बसली.