खड्ड्याले पाणी पाजणारा शालिक

शालिकराम वायरमन दर उन्हाळ्यात सक्करदऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरोघरी फिरायचा आणि फाटकातूनच विचारायचा, "खड्ड्याले पाणी पाजलं का?" नवीन माणसाले वाटायचं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. आम्हाले माहीत होतं. खड्डा म्हणजे अर्थिंगचा खड्डा. घराच्या बाजूले जमिनीत एक पाइप गाडलेला असते, भोवताल मीठ-कोळसा भरलेला. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पाइपाले सोडून देते. मग घरातल्या चुकार करंटले जमिनीत जायचा रस्ता राहत नाही, तो माणसाच्या अंगातून रस्ता काढते. म्हणून हा भला माणूस स्वतः नळ सोडून, बादली भरून लोकाईच्या खड्ड्यात पाणी ओतायचा. फुकटात. गल्लीतले लोक चिडवायचे, "आला बाप्पा, धरणीमायले पाजायले." तो हसून पुढच्या घरी जायचा. त्याले राग म्हणून येत नव्हता. मले तर सकाळी उठल्यापासून येते.

छत्तीस वर्षं त्यानं वायरमनकी केली. वायरमनच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला माणूस. सरकारी शिक्क्याचा कागद त्यांच्या घराण्यात पहिल्यांदा आला तो म्हणजे त्याचा परवाना. लॅमिनेशन करून शर्टाच्या खिशात ठेवायचा, फोटोत मिशी काळीभोर. बढाई मारायचा ती एकच, की माझ्या हातच्या घरात आजवर कोणाले करंट लागला नाही. ही गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा की आम्ही कान बंद करून घ्यायचो. पण खरी होती. त्याच्याजवळ तेवढंच होतं, ते नाव आणि तो कागद.

माझं घर त्याच्याच हातचं. मी गांधीबागेत तीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं आणि घर बांधलं तेव्हा वायरिंगसाठी दुसऱ्या कोणाले बोलवायचा प्रश्नच आला नाही. दोन वर्षांपूर्वी माझा पोरगा रजत आणि सून करिष्मा यांनी पोर्चमध्ये टाइल लावल्या. खड्डा टाइलखाली गेला. शालिकनं तेव्हाच म्हटलं होतं की झाकण ठेवा, पाणी ओतायले जागा पाहिजे. करिष्मा म्हणाली की मधातच लोखंडी झाकण कसं दिसन? मीही मान हलवली. डिझाइन खराब झालं असतं ना.

यंदा मार्चमध्ये रजतनं इलेक्ट्रिक कार घेतली. पूजा झाली, नारळ फुटला, गाडीसोबत आलेला चार्जर पोर्चमधल्या सॉकेटात लावला आणि चार्जरवर लाल दिवा. गाडी काही चार्ज होऊन राहिली नाही. रजतनं प्लग काढला, लावला. सॉकेट बदलून पाहिलं. मोबाइलवर व्हिडिओ पाहत पाहत वायर पुसली, गाडी बंद करून चालू केली. लाल तो लालच. कंपनीच्या माणसानं फोनवरूनच सांगितलं की घरचं अर्थिंग तपासा. तेव्हा कुठे शालिकची आठवण झाली.

तो आला. त्याच्याजवळ एक होल्डर, बल्ब आणि दोन वायरी, एवढंच मशीन. फेज म्हणजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हणजे परत नेणारी; त्या दोघीले लावला तर बल्ब झक्क पेटला. फेज-अर्थले लावला तर उलीसा लाल झाला आणि तसाच मरतुकडा राहिला. शालिक उठला, पोर्चमध्ये चार पावलं मोजली आणि एका टाइलवर उभा राहिला. म्हणे, खड्डा इथं आहे आणि दोन वर्षांपासून तहानलेला आहे. चार टाइल फोडू, नवा पाइप टाकू, संध्याकाळी तुमची गाडी चार्जिंगले लागन.

करिष्माचा चेहराच उतरला. त्या डिझाइनच्या टाइल आता मिळत नव्हत्या. रजत म्हणाला की थांबा, काहीतरी दुसरा इलाज असन. त्यानं इंटरनेटवरून एक ॲडॉप्टर मागवला. पांढरा, मुठीत मावणारा, ना धड कंपनीचं नाव ना पत्ता. चार्जर आणि सॉकेटच्या मधात लावायचा, बस. लावला आणि दिवा हिरवा झाला. करिष्मानं टाळ्या वाजवल्या. खोटं काहून बोलू, मीही वाजवल्या.

मी भैताड. मीच शालिकले कौतुकानं बोलावून दाखवलं की पाह्य गा, टाइल न फोडता झालं काम. त्यानं ॲडॉप्टर हातात घेतला, मागचे दोन स्क्रू खोलले आणि आतली एक बारीकशी तार मले दाखवली. न्यूट्रलची पिन अर्थच्या पिनेले जोडून दिली होती.

"भाऊ, याच्यानं अर्थिंग होत नाही," तो म्हणाला. "हे मशीनले खोटं सांगते. उद्या घराचा न्यूट्रल तुटला तर सारा करंट गाडीच्या पत्र्यात येईल. माह्या सॉकेटात हे नोका लावू."

रजत हसला. काका, जमाना बदलला, म्हणाला. शालिक माझ्याकडे पाहून राहिला. घर माझं होतं, मी हुकूम केला असता तर त्या चार टाइल त्याच दिवशी फुटल्या असत्या. पण मले त्या वेळी रजतसोबत मौद्याले साळ्याकडे नवी गाडी मिरवत जायचं होतं. मी म्हटलं, डोकं नोको खाऊ शालिक, उन्हाळा जाऊ दे, मग पाहू. त्यानं ॲडॉप्टरचे स्क्रू लावून दिले, गाडीच्या टपावर ठेवला आणि चहा न पिता गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमाराले, घरातली लाइन गेली. कूलर थांबला, पंखे थांबले. आता लाइन गेली म्हणजे करंट गेला, एवढं तर लेकराले समजते, असं आम्ही समजतो. बाजूच्या घरचा कूलर चालू होता की नाही हे कोणी पाहिलं? मी नाही पाहिलं. आमच्याकडे सिंधूताई बारा वर्षांपासून काम करते. तिची फरशी पुसून झाली होती. मीच तिले म्हटलं, "लाइन आहे नाही, तोवर गाडी पुसून घे वं." गाडी चार्जिंगले लागलेलीच होती.

लाइन गेलीच नव्हती. मेन स्विचमधला न्यूट्रल जळून सुटला होता. फेज घरात तसाच जिवंत. कूलर, फ्रिज, पंख्यांतून गेलेला करंट परतीचा रस्ता शोधत होता आणि त्या पांढऱ्या डबीनं त्याले रस्ता दाखवला, सरळ गाडीच्या पत्र्यात. सिंधूताईचे पाय अनवाणी, टाइल ओल्या, हातात ओलं फडकं. ती ओरडलीसुद्धा नाही. फेकली गेली म्हणून वाचली. उजवा तळहात भाजला आणि खुबा मोडला.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला आणि तिच्याजवळ बसलो. रजत चार्जर काढून राहिला होता. मले वाटलं, घाबरून काढते. ॲडॉप्टर त्यानं खिशात घातला तो मी डोळ्यानं पाहिला.

तिसऱ्या दिवशी विजेचा सरकारी इन्स्पेक्टर आला. आदल्या दिवशी रजतनं मले समोर बसवून समजावलं की पोलीस केस होईल, माझी नोकरी जाईल, विमा मिळणार नाही. शालिककाकाचं काय, त्याचं वय झालं, तो काही आता कामं करत नाही. बाबा, तुम्ही फक्त आठवत नाही म्हणा. बापाले खोटं बोलायले लावतो याची त्याले लाज नव्हती. अन् मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही, याची मले आहे.

शालिकले बोलावलं होतं, कारण वायरिंग त्याचं, सॉकेट त्याचं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्यानं इन्स्पेक्टरले सगळं क्रमानं सांगितलं, बल्ब, खड्डा, टाइल, ॲडॉप्टर. इन्स्पेक्टरनं ॲडॉप्टर मागितला. रजत म्हणाला, कोणता ॲडॉप्टर? मग शालिक माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर चिंता नव्हती हो. मी खरं सांगणार हे तो धरूनच चालला होता, तेच मले आजही सहन होत नाही.

"भाऊ, तुम्हीच सांगा. मी टाइल फोडा म्हटलं होतं का नाही?"

"मले आठवत नाही," मी म्हणालो.

  कोणी मागायच्या आत शालिकनं खिशातून परवाना काढला आणि इन्स्पेक्टरच्या हातात दिला. कागदावर आलं की अर्थिंग निकामी, जबाबदारी वायरमनची. महिन्याभरात परवाना रद्द झाल्याचं पत्र त्याच्या घरी आलं. आणि माणूस मोठा विचित्र असतो, ज्या गल्लीत त्यानं एवढी वर्षं पाणी ओतलं त्याच गल्लीत लोक म्हणायले लागले की शालिकचा हात आता थरथरते, त्याच्याकडून काही करून नका घेऊ.

सिंधूताईचा दवाखाना आम्ही केला. करिष्मानं तिले सांगून ठेवलं की शालिकनं वायर उलटी जोडली होती. ती आम्हाले देवमाणसं म्हणते. मागच्या रविवारी मी तिच्या घरी बसलो होतो. ती खाटेवर, तिच्या हाताले अजून पट्टी. तेवढ्यात दारात शालिक आला. हातात केळीची पिशवी. मले पाहून थबकला, पण परत गेला नाही. दारातूनच विचारलं, "ताई, पाय टेकता येऊन राहिला का?"

सिंधूताईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. मले म्हणाली, "भाऊ, त्याले जायले सांगा. मले त्याचं तोंड पाहायचं नाही."

शालिक माझ्याकडे पाहून राहिला. आताही एक वाक्य पुरलं असतं. तिथं ना इन्स्पेक्टर होता ना रजत.

मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि त्याच्या हातातली केळीची पिशवी घेतली. म्हटलं, "जा गा शालिक."