जुन्या क्लबाचं स्वयंपाकघर

आमच्या गावात नदीकाठी एक जुना बोलिंग क्लब आहे. हिरवळीवर जड चेंडू घरंगळवत न्यायचा हा खेळ. इथली ज्येष्ठ मंडळी तो वर्षानुवर्षं पांढरे कपडे घालून, परीक्षेला बसल्यासारख्या चेहऱ्यानं खेळत आली. पुढे खेळणारे उरले नाहीत, क्लब बंद पडला आणि इमारत काउन्सिलकडे, म्हणजे आमच्या नगरपालिकेकडे आली. त्याच काउन्सिलच्या आर्थिक विकास विभागात मी नोकरीला आहे. ॲडलेडमध्ये मॉसन लेक्सला शिकले आणि लहान गावात राहिलं की पीआर, म्हणजे ऑस्ट्रेलियात कायम राहायची परवानगी, मिळणं सोपं जातं म्हणून शहर सोडून इथे आले. कागद हातात पडला की पळायचं, असं ठरवून आले होते. अजून इथेच आहे.

गावातल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे ॲबोरिजिनल समाजाच्या संस्थेबरोबर भागीदारीत एखादा उद्योग उभा करायचा, हे काम माझ्या गळ्यात पडलं. 'भागीदारी' हा शब्द आमच्या ऑफिसात इतका वापरतात की त्याचा पार चोथा झालाय. भिंतीवर सुंदर पोस्टर होतं, मीटिंगा होत होत्या, बिस्किटं संपत होती. काम मात्र तसूभर हलत नव्हतं, कारण समोर आँटी होती.

आँटी त्या संस्थेची प्रमुख. त्यांच्यात वडीलधाऱ्या बाईला सगळेच आँटी म्हणतात. ऑफिसातल्या लोकांची जीभ त्या शब्दाशी अडखळायची. मला कसली अडचण? आमच्याकडे दुकानात रांगेत पुढे उभी असलेली अनोळखी बाईसुद्धा काकू असते. पहिल्याच भेटीत मी तिला मनातल्या मनात अगंतुगं करायला लागले.

आँटीला एकच गोष्ट हवी होती. त्या क्लबात कॅफे आणि केटरिंग सुरू करायचं, म्हणजे तिच्या भाच्या-पुतण्यांना कामासाठी शहर गाठावं लागणार नाही. आम्ही तिला गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल एरियातली नवीकोरी शेड दाखवली. भरपूर पार्किंग, चकाचक स्टीलचे ओटे. ती शांतपणे सगळं बघून म्हणाली, "छान आहे. क्लब द्या."

माझा मॅनेजर मनानं फार चांगला, पण नियमांच्या बाबतीत सोवळ्यात असल्यासारखा वागणारा. त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं, क्लबच का? शेवटी तिनं सांगितलं. तिची आई आयुष्यभर त्या क्लबात बशा धुवायची. मागच्या दारानं आत, मागच्या दारानं बाहेर. पुढच्या हॉलमध्ये त्यांच्या माणसांना बसायची मुभा नव्हती. हे सांगताना आँटी चहात बिस्किट बुडवत होती. संतापानं माझेच कान तापले. त्या पोस्टरकडे मला नंतर कितीतरी दिवस बघवलं नाही.

नगरसेवकांनी अट घातली. आधी एक कार्यक्रम करून दाखवा. गावात नव्यानं राहायला आलेल्यांच्या स्वागताचं जेवण, शनिवारी दुपारी, क्लबातच. स्वयंपाक संस्थेचा, आणि नगरसेवक स्वतः पंगतीला. नीट पार पडलं तर इमारत भाड्यानं देण्याचा ठराव, फसलं तर शेड. त्यातले एक गृहस्थ दर वाक्याला 'रिस्क' म्हणत. त्यांच्याकडे बघून मला शेडच दिसत होती.

पाहुण्यांची यादी माझ्याकडे होती. आमच्या मराठी ग्रुपवर मी मेसेज टाकला: शनिवारी जेवायला नक्की या, खालच्या लिंकवर नाव नोंदवा. ग्रुपमध्ये नर्स आहेत, एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमांत, काम करणारे आहेत, वसईकडची कॅथलिक कुटुंबं आहेत, एक दातांचा डॉक्टर आहे. सगळ्यांनी भराभर अंगठे पाठवले. लिंक एकानंही उघडली नाही. काउन्सिलमध्ये राहून माझी अक्कल काउन्सिलसारखी झाली असणार. नाव नोंदवलं नाही म्हणजे येत नाहीत, असं धरून मी आँटीला आकडा कळवला. जेवायला बोलावलेल्या मराठी माणसाकडून 'येतो' असं लिहून घेता येत नाही, हे मी साफ विसरले.

शनिवारी दुपारी क्लबापुढे एकामागून एक गाड्या लागायला लागल्या. सगळा ग्रुप आला. कुणाचे पुण्याहून आलेले सासू-सासरे, कुणाची सिडनीच्या टूनगॅबीहून आलेली नणंद. "अगं, घरी एकटी काय करेल, म्हटलं चल," असं म्हणत सगळे हसतमुखानं उतरत होते. एकानं डिकीतून मसालेभाताचं भलंमोठं पातेलं काढलं. रिकाम्या हातानं कसं यायचं? मॅनेजर दारातच होता. बाहेरचं अन्न आत चालणार नाही, त्यानं सांगितलं, आरोग्य विभागाचा नियम आहे. "नो वरीज, मेट," म्हणून पातेलं पुन्हा डिकीत गेलं. आपल्याच लोकांनी आँटीच्या स्वप्नावर पाणी ओतलं, असं वाटून मला रडू यायचं बाकी होतं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आँटी खिडकीतून बाहेर बघत होती.

"ही तुझी मॉब?" तिनं विचारलं. मॉब म्हणजे त्यांच्या बोलण्यात आपली माणसं.

"हो. सॉरी आँटी. कुणी कळवलंच नाही गं."

ती पोट धरून हसायला लागली. "माझीही येतेय, मिनीबसनं. त्यांनी तरी कुठे कळवलंय?"

मग तिनं झाकण उचलून दाखवलं. कांगारूचा रस्सा माझ्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेला होता. तिच्या घरात मोजून रांधायची पद्धतच नाही. तरीसुद्धा दोन्हीकडची माणसं बघता तो पुरला नसता. तिनं बटाट्यांची गोणी ओट्यावर ओतली, पिठाचा डबा काढला आणि विचारलं, "तुझ्या मॉबमध्ये कणीक कुणाला मळता येते?"

मी दारात जाऊन मराठीतून हाक मारली. पाच मिनिटांत आमच्या बायका हात धुऊन, डोक्याला जाळ्या लावून आत. पुण्याहून आलेल्या त्या सासूबाईंनी आधी चौकशी केली, "शनिवार आहे, यात काय काय आहे गं?" त्यांना भोपळा घालून केलेलं डॅम्पर, म्हणजे इथला जाडजूड भाजलेला पाव, मळायला दिलं. त्यांनी आँटीच्या भाचीच्या हातातली परात ओढून घेतली, "अशी नाही, तळव्यानं दाब," आणि भाचीनं इंग्रजीत दिलेलं उत्तर न कळताच मान डोलावली. मॅनेजर नियम सांगायला आत आला होता. आँटीनं त्याच्याही डोक्यावर जाळी चढवली आणि हातात बटाटे सोलायची सुरी दिली. त्यानं मुकाट्यानं सोलले, आणि चांगले सोलले.

प्रत्येकाला ताट भरून नेऊन द्यायचं ठरलं होतं, ते बारगळलं. आँटी म्हणाली, आधी म्हातारी माणसं, मग पोरं, मग बाकीचे. हे आमच्या पुरुषांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी पातेली उचलली आणि टेबलांमधून वाढत फिरायला लागले. आणि आग्रह! मिनीबसमधून आलेल्या आजोबांना, गोऱ्या पेन्शनर बायकांना, नगरसेवकांना, सगळ्यांना. "एवढंसं? काहीच नाही घेतलंत, थोडं घ्या." रिस्कवाले गृहस्थ ताटावर आडवा हात धरत होते. दाताच्या डॉक्टरनं तो हात प्रेमानं बाजूला केला आणि वाढलं. आँटीच्या भाच्या दारात उभ्या राहून खिदळत होत्या. "डेडली!" एक ओरडली. त्यांच्यात हे लय भारी म्हणण्यासारखं. मी इतकी खूश होते की जेवायचंच विसरले. जाताना पार्किंगमध्ये उघड्या डिकीपाशी मसालेभात खाल्ला, शेजारी आँटीची अर्धी मॉब.

ठराव पास झाला. रिस्कवाल्यांनी हात वर केला, तोही सगळ्यांत आधी. छप्पर काउन्सिल दुरुस्त करणार, काउन्सिलच्या कार्यक्रमांचं जेवण संस्थेकडून येणार, आणि कॅफे पूर्णपणे आँटीच्या लोकांचा. ती बातमी ऐकून आँटीनं मला घट्ट मिठी मारली.

कॅफे उघडला त्या सकाळी हॉल गजबजलेला होता. मी स्वयंपाकघरात कप पुसत होते, तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. उघडलं तर एक गोरे म्हातारे गृहस्थ, हातात टोपी. क्लबाचे जुने सभासद. अर्धं आयुष्य त्या हिरवळीवर गेलेलं. म्हणाले, "आता ही जागा तुमची. मला आत यायची परवानगी आहे की नाही, कळेना. म्हटलं, इथून विचारावं."

आँटीनं पिठाचे हात ॲप्रनला पुसले, बाहेर आली, त्यांचा दंड धरला आणि इमारतीला सबंध वळसा घालून त्यांना पुढे घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. तिनं पुढचं दार उघडून धरलं.

"इथून, लव्ह," ती म्हणाली. "आता सगळे इथूनच येतात."

ते आत जाऊन खिडकीशी बसले. आँटीनं विचारलं, चहा की कॉफी?