विमान काय मोटार आहे?

मुंबई ते लंडन हे अंतर मी शिवणाच्या दोऱ्याने मोजलेलं आहे.

त्या काळी मी वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे (आणि तो मला येतो, असा माझा समज होता!). माझा मेहुणा शंकर शिकायला विलायतेला निघाला. सासूबाई समुद्रपूरहून मोटारीने आमच्याकडे नालवाडीला आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "शंकरचं विमान जमिनीले टेकेपर्यंत माह्या पोटात अन्नाचा कण नाई जाणार!"

"पोचाले किती घंटे लागते जी?" बायकोने मला विचारलं.

मला एवढंच हवं होतं! शाळेचा नकाशा भिंतीवर टांगला, मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला (मधलं अरबस्तान सासूबाईंनी अंगठ्याने दाबून धरलं होतं), साडेचार हजार मैल काढले आणि ताशी तीनशेने भागले. "पंधरा तास! आज रात्री दहाला सुटलं की उद्या दुपारी एकला लंडन!"

"अन् मधात थांबत नाई काय?" सासूबाईंनी शंका काढली. "आमची मोटार त हिंगणघाटले अर्धा घंटा थांबली. डायवर चहा पेला."

मी पोट धरून हसलो. "मामी, विमान काय मोटार आहे? आकाशात चहाचं हॉटेल कोण टाकणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या ठोक्याला मी जाहीर केलं, "उतरला शंकर!" सासूबाईंनी हात जोडले आणि पाटावर बसल्या. रश्शातल्या पाटोडीची तिसरी बेसनवडी तोंडात असतानाच तारवाला दारात! तार म्हणजे कोणीतरी गेलं, हा तेव्हाचा सरळ अर्थ. सासूबाईंनी हंबरडा फोडला. मी वाचलं : 'कैरो. खुशाल. पुढे निघतो.'

"कैरो म्हंजे लंडनच काय जी?"

असं विचारत बायकोनेच नकाशावर शोधलं. कैरो निघालं निम्म्या वाटेवर! (विमानाला पेट्रोल लागतं, हे माझ्या भागाकारात नव्हतं.)

"माहं लेकरू अजून अर्ध्या रस्त्यात, अन् मी पाटोडी खाऊन बसली!" सासूबाईंचे डोळे भरून आले. मला खरंच फार वाईट वाटलं.

"चूक माझी, मामी. शंकर पोचेपर्यंत आता मी उपाशी राहतो," मी म्हणालो. (जावयाला कोण उपाशी ठेवतं!)

"बरं," त्या म्हणाल्या आणि माझं ताट उचलून आत घेऊन गेल्या.

लंडनची तार दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर बायकोने रश्शाला दोनदा फोडणी दिली. मुद्दाम!

पंधरा दिवसांनी शंकरचं पत्र आलं. मीच मोठ्याने वाचलं. विमानात इतक्या वेळा जेवू घातलं, की शेवटी त्याला नको म्हणावं लागलं होतं.

सासूबाई विचारात पडल्या. "पोरगं जेवलं, मीबी जेवली... मंग उपाशी राह्यलं कोण?"

उत्तर मला येत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते दिलं नाही!