फॉर्मच्या पाठीवर

"उद्या म्हणजे काय? कचेरीतला सगळ्यात कामसू दिवस. सगळी कामं त्याच्याच अंगावर!" असं म्हणून अर्जवाले काका पेनाचं टोपण टेबलावर टक्कन आपटायचे. टोपण वाजलं की समजायचं, कोणाची तरी फिरकी घेतली गेली.

तलासरीच्या कचेरीबाहेर चिंचेखाली त्यांचं टेबल, समोर माझं झेरॉक्सचं दुकान. ते लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. मराठी, गुजराती, वारली, समोरचा ज्या बोलीत सांगेल तीत ऐकून घ्यायचे. मध्येच एखाद्या शब्दाचा अर्थ सुचला की हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर खरडायचे. 'सर्व्हर डाऊन: साहेब जेवत आहेत.' तुम्ही असता तर तुम्हीही माझ्यासारखं काम सोडून ऐकत बसला असता.

एकदा मात्र ही खोड चांगलीच अंगाशी आली. उधव्याची एक मुलगी बापाला घेऊन आली. नर्सिंगला नंबर लागलेला, रहिवासी दाखला त्याच दिवशी हवा.

"काका, आज नाय भेटला तर सीट जाईल."

यांनी झरझर अर्ज लिहिला. मुलगी तो घेऊन आत गेली. मग हे मला ऐकवायला म्हणून सकाळचा एक कागद शोधू लागले, आणि चेहरा पांढराफटक! मुलगी आत घेऊन गेली त्याच फॉर्मच्या पाठीवर त्यांनी लिहिलं होतं: 'साहेब: खुर्चीला चिकटलेला माणूस. खुर्ची हलली की पडतो.'

चपला न घालताच ते धावले. मागोमाग मी. साहेबांनी कागद उलटलेला होता!

"कोणी लिहिलं हे?"

"मी. मला काय ती शिक्षा करा, पण पोरीचा दाखला अडवू नका."

जगाची टर उडवणाऱ्या त्या माणसाचे हात जोडलेले मी प्रथमच पाहत होतो.

साहेबांनी पुन्हा एकदा वाचलं. मग सही ठोकली आणि मला म्हणाले, "याची एक झेरॉक्स द्या मला. पुढच्या महिन्यात माझी बदली आहे."

बाहेर येऊन आम्ही वेड्यासारखे हसलो. मुलगी हसता हसता रडत होती.

आता चिंचेखाली टेबल नाही. शेवटचे दिवस ते डहाणूच्या दवाखान्यात होते, तीच मुलगी तिथे नर्स. परवा ती दुकानात आली. केसपेपर पुढे करून म्हणाली, "काका, दोन कॉपी काढा. एक तुम्हाला."

मी कागद उलटला. पाठीवर त्यांचंच अक्षर, वाकडंतिकडं:

'नर्स: हिची टर उडवणं जमत नाही. उद्या बघतो.'