मामेसासऱ्यांची बुटकी खिडकी

मावळात थापा मारणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःच्याच हॉटेलाबद्दल इतक्या निष्ठेने थापा मारणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा झालेला नाही. कामशेतच्या पुढे, जुन्या हायवेला लागून त्यांची खानावळ आहे. पुढे पत्र्याखाली जेवणाची बाकडी, मधे स्वयंपाकघर आणि मागे परमिट रूम. या तीन खोल्यांना जेवढा इतिहास आहे, तेवढा लोहगडालाही नसेल. गिऱ्हाईक मुंबईचं असलं, तर मामांच्या आजोबांनी ही खानावळ घाटातल्या रेल्वेच्या गोऱ्या साहेबासाठी काढलेली असते. पुण्याचं असलं, तर तिथे थेट मावळ्यांच्या पंगती उठलेल्या असतात. एकदा मी हे दोन्ही इतिहास एकाच दुपारी, शेजारशेजारच्या टेबलांवर ऐकले. तसं मामांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "जावईबापू, दोगंबी पोटभर जेवून गेले न्हवं? मग खोटं कुटं झालं?"

परमिट रूमचे मालक असूनही मामांना दारू पिणारी माणसं मुळीच आवडत नाहीत. माणूस मागे जाऊन बसला, की त्याच्यापुढे आधी आमटीभात येतो. तो संपल्याशिवाय बाटली उघडत नाही. इंद्रायणीचा वाफाळता भात आणि वर खेकड्याची आमटी हाणून तुडुंब झालेला माणूस पिणार काय, कपाळ? त्यातूनही एखाद्याने दोन पेग रिचवलेच, तर तिसऱ्याच्या वेळी मामा स्वतः येऊन उभे राहतात आणि "घरी कोण कोण असतं?" अशी मायेने चौकशी करतात. या एका प्रश्नावर भलेभले गडी उठून गेलेले मी पाहिलेत. नवलाख उंबरे गावातल्या कारखान्याच्या एका सुपरवायझरने आवाज चढवला होता, "हा बार आहे का शाळा?" मामा म्हणाले, "शाळा असती तर नापास करून सोडलं असतं. हितं घरी पोचवावं लागतं." आणि खरोखरच त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून घरी सोडून आले. एक्सप्रेसवे झाला आणि धंदा बसला, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मला विचाराल तर हा त्या एक्सप्रेसवेवर निव्वळ अन्याय आहे.

या सगळ्यावर कळस म्हणजे ती खिडकी. स्वयंपाकघर आणि परमिट रूम यांच्यामधल्या भिंतीत, जमिनीपासून जेमतेम दीड हातावर ती आहे. वाढप्याला ताट घ्यायला मुजरा केल्यासारखं वाकावं लागतं. गेली कित्येक वर्षं तो कमरेला पट्टा बांधून कामावर येतो आणि मामांच्या नावाने पुटपुटत वाकतो. खिडकी इतकी खाली का, याचीही उत्तरं तयार होती. कधी वास्तुशास्त्र, कधी भूकंप, तर कधी तो रेल्वेचा साहेबच म्हणे फार बुटका होता.

यंदा मामांच्या मुलाने हॉटेल नव्याने करायला घेतलं. पुण्याची एक डिझायनर आली. तिने भिंतींवर कंदील टांगायचं ठरवलं, मेनूकार्डाच्या मागच्या पानावर घराण्याचा इतिहास छापायचं ठरवलं आणि खिडकी बुजवायला सांगितली. माझे दोन लेख एका दिवाळी अंकात आले असल्यामुळे इतिहास लिहायची जबाबदारी एकमताने माझ्यावर पडली. चार दिवस मी वही घेऊन मामांसमोर बसलो. चार दिवसांत चार घराणी झाली. पाचव्या दिवशी सकाळी गवंडी विटा घेऊन आला, तर मामा स्वयंपाकघरात पाट टाकून खिडकीला डोकं लावून बसलेले.

"बाबा, उठा ना. गवंडी खोळंबलाय," मुलगा म्हणाला.

मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "जावईबापू, लिवून घ्या." आता बहुधा पेशवे येणार, अशा तयारीने मी वही उघडली.

"माझा बा ट्रकवर ड्रायव्हर. घाटात चालवायचा. लय प्यायचा. कुटं पडंल नेम न्हाई. आई खानावळ टाकून त्याला हुडकत पार वडगावपर्यंत जायची. मग तिनंच पुण्याला हेलपाटे घालून परवाना काढला. म्हनली, पी, पर माझ्या डोळ्यांम्होरं पी. तवा चूल हितं भुईवर हुती. भाकरी थापताना त्यो दिसावा म्हनून खिडकी एवढी खाली. आदी जेवायचं, मग दोन. तिसऱ्याला आई काय बोलायची न्हाई. नुस्ती बगायची."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. बा घरात मेला. रस्त्यावर न्हाई."

त्या आमटीभाताची मी इतकी वर्षं टिंगल केली होती. मला मान वर करवेना. मुलाने गवंड्याला बाहेरच्या पायरीच्या कामाला लावलं. मामा पाटावरून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "ह्यो इतिहास छापायचा न्हाई. त्यो सायबाचा छापा." त्याप्रमाणे मेनूकार्डावर आता गोरा साहेब आहे. माझं नाव खाली बारीक अक्षरात आहे, ते कोणी वाचत नाही म्हणून बरं.

परवा रविवारी दुपारी मी मागे जाऊन बसलो होतो. कंदील टांगलेत, गाणी लागतात, आणि वाढपी अजून वाकतो. भात जेवून माझे दोन झाले आणि मी तिसऱ्यासाठी हात वर केला. सहज खिडकीकडे लक्ष गेलं. आत आता ओटा आहे, गॅस आहे, स्वयंपाकाला खाली बसायचं कोणाला काही कारण उरलेलं नाही. पण मामा पाटावर बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. घरी कोण कोण असतं, ते मला विचारायची त्यांना गरजच नव्हती. मी हात खाली घेतला.